म्हातारीला विचारून

भिकानाना रेल्वेच्या डब्याला विचारल्याशिवाय त्याचा स्क्रूसुद्धा काढत नसत. माझी नगरच्या यार्डात बदली झाली, त्या पहिल्याच सकाळी मी हे पाहिलं. निवृत्तीला आलेला एक फिटर कडेच्या रुळावरच्या बाद डब्याच्या दारात टोपी काढून उभा होता आणि मोठ्यानं विचारत होता, "म्हातारे, दिवा नेऊ का गं?" मग कान देऊन थांबला. आत कुठंतरी पत्रा कुरकुरला. "व्हय म्हनली," असं मला सांगून नाना पाना घेऊन आत शिरले.

आमच्या पॅसेंजर गाड्या जुन्या, जास्तीचा डबा एकही नाही आणि सुटा भाग मागवला तर तो येईपर्यंत मागवणाऱ्याची बदली व्हायची. म्हणून बाद डब्याचं सामान काढून चालत्या डब्यांना लावायचं, असा आमचा संसार. समोरून गाडी गेली की नाना बोट दाखवत, "ती कडी म्हातारीची. त्यो दिवा म्हातारीचा." मी हसायचो. "हसू नका सायेब, इचारून घेतलेलं टिकतं."

मला असल्या गोष्टींची मनापासून चीड. एकदा नाना रजेवर असताना मी न विचारता एक पंखा काढला आणि राहुरीकडच्या सकाळच्या पॅसेंजरला बसवला. यार्डात तो भिंगरीसारखा फिरे, गाडी सुटली की थांबे. तीन दिवस मी वायरी तपासल्या. चौथ्या दिवशी नानांनी तो उतरवून म्हातारीपुढं नेला, "पोरगं नवं हाय, माफ कर," म्हणाले आणि परत बसवला. तो अजून फिरतो आहे. मला पोरगं म्हटल्याचा राग मात्र महिनाभर गेला नाही.

एक वस्तू नाना कधीच देत नसत. म्हातारीची बाकी सगळी शटरं काढून झाली होती, चौथ्या खिडकीचं तेवढं उरलं होतं आणि ते कायम वर उचललेलं असे. इकडे थंडीत सकाळच्या पॅसेंजरची एक खिडकी शटराविना उघडी. बायामाणसं शाली पांघरून कुडकुडत जात. शटर मागितलं की नाना म्हणत, "तेवढं सोडून काय बी मागा."

एका शनिवारी नाना शिंगणापूरला गेले होते. मी ते शटर खाली ओढलं, खटका लावला आणि उद्या काढू म्हणून डब्याला कुलूप घालून किल्ली खिशात ठेवली. रविवारी सकाळी कुलूप उघडलं तर शटर वर होतं. आतल्या धुळीत ताजी पावलं फक्त माझी होती. मी शटराला हात न लावता परत आलो.

त्याच आठवड्यात हुकूम आला, सोमवारी म्हातारी भंगारात जाणार. त्या दिवशी मावळतीला नाना माझ्याजवळ येऊन बसले.

"आमची मंडळी राहुरीला रोपवाटिकेत कामाला हुती, सायेब. ह्याच डब्यात, ह्याच चौथ्या खिडकीत बसायची. गाडी यार्डावरनं जाताना मला रोज हात करायची."

"आणि तुम्ही?"

"चारचौघांत बायकूला हात कसा करायचा? मी आपला मान खाली घालून नट आवळत बसायचो. मग ती आजारानं गेली. माझा हात करायचा ऱ्हाऊनच गेला."

"नाना," मी म्हणालो, "शटर भंगारात घालू नका. विचारून बघा."

नाना टोपी काढून दारात उभे राहिले. या वेळी म्हातारे म्हणाले नाहीत. "येतीस का?" एवढंच विचारलं. पत्रा कुरकुरला नाही. चौथ्या खिडकीचं शटर तेवढं, कुणी हात न लावता, सावकाश खाली आलं.

नानांनी ते पॅसेंजरच्या उघड्या खिडकीला बसवलं.

सोमवारी सकाळी कडाक्याची थंडी होती. पॅसेंजर निघाली तेव्हा त्या डब्याची झाडून सगळी शटरं बंद होती. गाडी यार्डासमोर आली आणि त्यातलं एक वर गेलं. खिडकीत मला कुणी दिसलं नाही.

नानांनी पाना खाली ठेवला आणि सगळं यार्ड बघत असताना हात केला. गाडी वांबोरीच्या दिशेला दिसेनाशी होईपर्यंत करत राहिले.

मग पाना उचलून म्हणाले, "चला सायेब, मागली गाडी यायची येळ झाली."