आदर्श खिडकी

घर सुसंस्कृत आहे की नाही हे ओळखायला आत जाण्याची गरज नसते. रस्त्यावर उभं राहून खिडकी पाहिली की काम भागतं. आतली माणसं काय, आत्ता आहेत, घटकेने स्वयंपाकघरात असतील. खिडकी मात्र सदासर्वदा जागेवर असते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसते. म्हणून विचारी माणूस आधी खिडकीकडे लक्ष देतो. (आतल्या माणसांकडे लक्ष द्यायला रविवार आहेच.)

हेडक्लार्क हे असेच विचारी गृहस्थ होते. कचेरीत त्यांच्या टेबलावरून एकही फाइल घाईने पुढे गेल्याचं उदाहरण नाही, आणि एकही फाइल पुढे जाऊन चुकल्याचं उदाहरण नाही. ज्या चुकल्या त्या अजून टेबलावरच आहेत. एकदा सहीसाठी साहेबांच्या घरी गेले असताना त्यांनी साहेबांच्या खिडकीला लाकडी पेटी आणि पेटीत डोलणारी फुलं पाहिली. सही घ्यायची विसरून ते तसेच परत आले. जे साहेबांच्या खिडकीला आहे ते आपल्या खिडकीला नाही, ही गोष्ट त्यांच्या फार जिव्हारी लागली.

अशी पेटी बाजारात तयार मिळते, असं त्यांच्या बायकोने सांगून पाहिलं. पण विकत आणलेली वस्तू नुसती वापरता येते आणि स्वतः बनवलेली वस्तू दाखवता येते, हा फरक तिला कळण्यासारखा नव्हता. (घरातली झाडून सगळी कामं ती स्वतः करत असे, आणि त्यातलं एकही कधी कोणाला दाखवत नसे.)

घराला रस्त्याच्या बाजूने खिडकी एकच होती, आणि ती आधीच अडलेली होती. तिच्यात हेडक्लार्कांचे वडील बसत. सगळे त्यांना नाना म्हणत. नानांनी उभा जन्म पोस्टात टपाल वाटण्यात घालवला होता. पुढे गुडघ्यांनी असहकार पुकारला, जिना उतरणं बंद झालं आणि नानांनी खिडकीत खुर्ची टाकली. गल्ली अरुंद होती. समोरच्या माडीवर, अगदी नाकासमोर, शिंप्याचं दुकान होतं. शिंपी सकाळी मशीनवर बसला की नाना खिडकीच्या काचेच्या झडपा बाहेर ढकलत आणि दोघांचं सुरू होई. कोणाची कंबर वाढली, कोणाच्या पँटी मुलाच्या मापाने कापून गेल्या, गुडघ्याला कुठलं तेल चांगलं. नानांची बायको गेल्यापासून नाना घरात फारसे बोलत नसत. जे काय बोलायचं ते खिडकीतून बोलून टाकत आणि मग दिवसभर खुशीत असत.

वस्तुस्थितीकडे भावनाविवश न होता पाहिलं तर असं दिसतं, की एवढ्या मोठ्या खिडकीचा लाभ घरातल्या एकाच इसमाला होत होता, आणि तोही निवृत्त. ही परिस्थिती फार काळ चालू ठेवणं योग्य नव्हतं.

हेडक्लार्कांनी रीतीप्रमाणे घरात बैठक बोलावली. घरातल्या तिघांपैकी एकाने प्रस्ताव मांडला, एकजण कुकरची शिट्टी मोजत होती आणि एकजण खिडकीबाहेर बोलत होता. ठराव एकमताने मंजूर झाला.

"नाना, जरा सरकता का?" हेडक्लार्क म्हणाले, आणि कामाला सुरुवात झाली.

आधी मोजमाप. मोजायची वस्तू स्थिर असली पाहिजे, हा मोजमापाचा पाया आहे. उघड्या झडपा वाऱ्याने हलत होत्या, त्यामुळे हेडक्लार्कांनी त्या ओढून घेतल्या, कडी घातली आणि मग टेप लावली. लांबी, रुंदी, कठडा, चौकट, सगळं तपासून पुन्हा तपासलं. बंद खिडकीचं इतकं बिनचूक माप या गल्लीत तरी कोणी घेतलेलं नसेल.

बायको हात पुसत बाहेर आली.

"अहो, झडपा बाहेर उघडतात ना? मग पेटी आड नाही का येणार?"

"तो मुद्दा उघडायच्या वेळी घेऊ."

"अहो, उघडायच्या वेळीच तर आड येईल."

"म्हणजे आत्ता येत नाही. मग झालं तर!"

ती आत गेली. पुढे तिच्या या बोलण्याची नोंद हेडक्लार्कांनी 'सर्वसाधारण कुरकुर' या सदरात केली, म्हणजे ती मनात ठेवली आणि विसरले.

त्यानंतर लाकडाचं काम निघालं. करवत, हातोडी, रंधा, घासकागद, व्हार्निश असा सरंजाम पुढच्या खोलीत मांडला गेला. रंधा कुठल्या बाजूने धरतात याबद्दल सुरुवातीला दोन मतं होती (दोन्ही हेडक्लार्कांचीच). पहिली फळी आखूड कापली गेली म्हणून दुसरी तिच्या मापाने कापली. ती आणखी आखूड झाली म्हणून पहिली पुन्हा दुसरीच्या मापाने कापली. सर्वांना समान न्याय मिळेपर्यंत दोघींचा मिळून एक पाट झाला. मग नव्या फळ्या आल्या. त्या मात्र सरळ कापल्या गेल्या, आणि हेडक्लार्कांच्या चेहऱ्यावर लग्नातसुद्धा आलं नव्हतं असं तेज आलं. भुसा डाळीच्या डब्यापासून नानांच्या चष्म्यापर्यंत सगळीकडे पोचला. मध्ये मध्ये "नाना, जरा सरकता का?" असं होत होतं आणि नाना खुर्चीसकट सरकत होते. आधी खिडकीपासून भिंतीपर्यंत, भिंतीपासून कपाटापर्यंत, आणि व्हार्निशच्या दिवशी थेट मोरीच्या दारापर्यंत.

पेटी बसवताना हेडक्लार्क बाहेरून शिडी लावून चढले. बायकोने शिडी धरली. नवऱ्याचा जीव आपल्या हातात आहे, हे तिला त्या वेळी बरंच जाणवलं असावं, कारण ती अधूनमधून हसत होती. कठड्यावर, झडपांना अगदी भिडवून, लोखंडी पट्ट्यांनी पेटी भिंतीशी जखडली. माती भरली, रोपं लावली. कामात बोट ठेवायला जागा नव्हती. झडपा आणि पेटी यांच्यामध्ये तर नख जायलाही जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोर मशीन सुरू झाली. नानांनी खुर्ची पुन्हा जागेवर ओढली, बसले आणि झडपा ढकलल्या. ठक्. पुन्हा ढकलल्या. ठक्. बसलेल्या नानांच्या डोळ्यांसमोर नेमकी पेटीची मागची फळी आली होती. (बसलेल्या माणसाच्या डोळ्यांची उंची मोजायची राहून गेली होती, कारण मोजमापाच्या वेळी नाना सरकलेले होते.) ते गुडघ्यांवर हात दाबून उभे राहिले. काचेपलीकडे शिंपी तोंड हलवत होता. नानांनीही तोंड हलवलं. थोडा वेळ दोघांनी अशी तोंडं हलवली आणि मग शिंप्याने मान खाली घालून मशीन चालू केली.

"अरे, उघडत नाही ही," नाना म्हणाले.

"नाना, आता उघडायची गरजच काय? आता ती बघायची खिडकी झाली."

"बरं. मग मी काय बघू?"

"फुलं बघा की!"

"मला फळी दिसते."

"ती मागची बाजू आहे, नाना. पुढून फार छान दिसते."

हेडक्लार्कांना वाईट वाटलं, हे इथे स्पष्टपणे नोंदवलं पाहिजे. ते दगडाचे नव्हते. याच नानांनी त्यांना टपालाच्या पिशवीत बसवून गाव दाखवलं होतं. पेटी हातभर खाली घेता येईल का, असा विचार मनात येऊन ते गल्लीत उतरले आणि वर पाहू लागले. तेवढ्यात वाटेने जाणारा एक अनोळखी माणूस थांबला, त्यानेही वर पाहिलं आणि "वा!" म्हणाला. वाईट वाटणं ही शेवटी घरातली बाब. 'वा' ही बाहेरची. हेडक्लार्क पेटीला हात न लावता वर आले.

खिडकी बंद, तर रोपांना पाणी कसं घालायचं, हा प्रश्न मात्र तातडीचा होता. (रोपं तक्रार न करता मरतात, माणसांचं तसं नसतं, त्यामुळे माणसांना थांबवून ठेवता येतं.) हेडक्लार्कांनी झडपेची कोपऱ्यातली एक काच काढून तिथून झारीची चोच जाईल अशी सोय केली. पाणी घालून झालं की ती फट नानांना वापरायची मुभा होती. फट एवढीशीच असल्यामुळे एका वेळी तोंड तरी लावता येई किंवा कान तरी. नाना तोंड लावून "कसं काय?" विचारत आणि झटकन मान वळवून कान लावत, तोवर शिंप्याचं अर्धं उत्तर गल्लीत सांडलेलं असे. तरी ते मान वळवत राहिले. पुढे रोपं फोफावली आणि फटही पानांनी भरली.

बायको कात्री घेऊन आली. "चार पानं कापली तर काय बिघडतंय? त्यांना दोन शब्द बोलता तरी येतील."

"वेडी आहेस का?" हेडक्लार्क आडवे आले. "ही फुलं आता आपली राहिली नाहीत. गल्लीची झाली आहेत."

हे खरंच होतं. रहिवासी मंडळाचे चिटणीस स्वतः येऊन खिडकी पाहून गेले (खालून), आणि मंडळाने 'आदर्श खिडकी' असा मान जाहीर केला. मानाबरोबर पितळी पाटी आली. ती कुठे लावायची? भिंतीवर लावली तर भिंत आदर्श ठरायची. म्हणून ती दोन्ही झडपांवर मिळून, मधोमध, स्क्रूंनी आवळून बसवली. आता पेटी काढली तरीही खिडकी उघडणार नाही, इतकं काम पक्कं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको हात पुसत बाहेर आली. तिने नानांची खुर्ची उचलली आणि जिना उतरली. समोरून शिंपी आला. दोघांनी नानांना दोन बाजूंनी धरून, पायरी पायरीवर थांबत, खाली आणलं आणि शिंप्याच्या माडीखाली खुर्चीत बसवलं. कचेरीला निघायची तयारी करणाऱ्या हेडक्लार्कांना हे वरून दिसू शकलं असतं, पण खिडकी आदर्श होती.

संध्याकाळी ते कचेरीतून आले तेव्हा नाना वर बघत बसले होते. शिंपी जवळच उभा होता.

"छान दिसतंय," नाना म्हणाले. "कोण राहतं रे तिथे?"

शिंपी हसला, आणि मग नाना हसत नाहीत हे पाहून त्याने हसू गिळलं. हेडक्लार्कांनी ते वाक्य मनातल्या मनात उलटसुलट तपासलं आणि अखेर अभिप्राय अनुकूल आहे असं ठरवलं. मग ते बाहीवरून काहीतरी झटकत राहिले. तो भुसा असावा. भुसा फार दिवस राहतो.

आता रोज सकाळी नानांना खाली आणतात आणि अंधार पडायच्या आत वर नेतात. गल्लीतल्या बाकीच्या घरांनीही पेट्या करायला घेतल्या आहेत. माप घ्यायला हेडक्लार्क स्वतः जातात आणि आधी खिडकी लावून घेतात. लांबून लांबून माणसं बघायला येतात.

तुम्हीही आला होतात. नाही कसं म्हणता? मान वर करून तुम्ही "वा!" म्हणालात, मोबाइल काढलात, दोन पावलं मागे गेलात, पण मनासारखा फोटो येईना, खालच्या कोपऱ्यात एका म्हाताऱ्याचं डोकं येत होतं. तुम्ही सुसंस्कृत माणूस. आवाज न चढवता, अगदी गोड बोलून म्हणालात, "आजोबा, जरा सरकता का?"

आणि नाना सरकले.