चंद्रावळ मोटारीचा ब्रेक आणि सगुणाबाईंचा पंजा

श्री. जो निघण्याचा देव आणि थांबण्याचाही देव, ज्याचे हाती चाक आणि ज्याचे पायी ब्रेक, त्यास नमन करोन हकीकत लिहिली ऐसी जे: शके अमुक, भंगारनाम संवत्सरे, आश्विन शुद्ध नवमी, ते दिवशी एका राज्यात (नाव विचारू नये, लिहिणारास तेथेच राहणे आहे) जुन्या मोटारींची थोर तपासणी जाहली. त्या राज्यात सातआठ सरदार जुन्या मोटारी बाळगोन होते, सगळ्या एकाच विलायती कारखान्याच्या, एका आईच्या लेकी, आणि त्यांत रायाजीराव भोपळे यांची चंद्रावळ म्हणजे पट्टराणी. रंग दुधी, अंगी पितळ झळझळीत, आणि डोळे म्हणजे पुढील दिवे परातीएवढे. मात्र उतारास लागली म्हणजे कोणाचे ऐकत नसे. एके समयी रायाजीराव कुटुंबास शेजारी बसवोन गावदेवीचा उतार उतरत असता चंद्रावळ थांबेना, ती तडक तुळोबाचे गुऱ्हाळात शिरली आणि सगुणाबाई काकवीच्या पिंपात कमरेइतक्या उतरल्या. मग बाई घरापर्यंत पायी चालोन आल्या, पुढे बाई आणि मागे मुंग्यांची फौज, आणि उंबऱ्यावर उभ्या राहोन बोलिल्या, "या डबड्यात पुन्हा पाय ठेवला तर नाव बदला माझं."

त्यावर रायाजीराव दरसाल तपासणीचा शिक्का आणोन दाखवीत आणि बाई दरसाल हसत. कारण जुने तपासनीस डोळे मिटोन शिक्का मारीत, आणि गेल्या साली तर शिक्क्याची शाई ओली असता सरकारचे मामासाहेब मोटारीसकट ओढ्यात गेले. मग सरकारांनी कोप करोन लिंगोपंत जठार यांस तपासणीवर नेमिले आणि हुकूम फर्माविला की जी मोटार नापास होईल तिची रवानगी भट्टीत. पंत मोठे कडवे, लग्नात जिलबी वाढली तरी उजेडाकडे धरोन पाहात. तेव्हा सगुणाबाई नवऱ्यास म्हणाल्या, "लिंगोपंतांनी शिक्का मारला ना, तर दिवाळीच्या पाडव्याला तुमच्या गाडीतून माहेरी येते. शब्द." तो शब्द रायाजीरावांनी गावभर सांगितला, त्यांची छाती फुगली आणि अक्कल तेवढी आकसली.

आता आतली गोष्ट. या सगळ्या मोटारींत मिळोन धड सरंजाम एकच होता: दोन दिवे, एक भोंगा आणि ब्रेकांचा एक संच, आणि तो मिस्तरी गफूर उस्तादांचे ताब्यात असे. तपासणीचे दिवशी मैदानाच्या भिंतीआड उस्ताद बसत, एक मोटार पास होवोन आली की तिचे अंगावरील दागिने उतरवोन दुसरीस घालीत, आणि दुसरी ठुमकत पंतांपुढे जाई. यंदा पहिली पाळी चंद्रावळीची, म्हणोन सरंजाम आदले दिवशीच तिजवर चढला. आणि सकाळी खंडेनवमी, हत्यारांची पूजा, म्हणोन सगुणाबाई तबक घेवोन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "हत्यारच आहे हे, माणूस मारायला उठलेलं. पूजा नको?" आणि ओल्या कुंकवात हात बुडवोन डाव्या दिव्यावर पाची बोटांचा पंजा उमटविला. त्यांची करंगळी लहानपणी दारात सापडोन वाकडी जाहली होती, तीही तशीच उमटली.

चंद्रावळ पंतांपुढे गेली. दिवे लागले, भोंगा बोंबलला, ब्रेक दाबता मोटार जागीच खिळली. पंत म्हणाले, "उत्तम. शिक्के शेवटी एकदम मारू." रायाजीराव हर्षे करोन भिंतीआड आले आणि उस्तादांनी दिवा उतरवोन फडके उचलले, तों रायाजीरावांनी त्यांचा हात धरिला.

"अहो उस्ताद, खंडेनवमीला सवाष्णीचा हात पुसता? पाप लागेल!"

"राव, आणि आपण सकाळपासून हे जे करतोय, ते?"

"ती तपासणी हो! त्यात कसलं पाप?"

मग उस्तादांनी कपाळास हात लावोन दिवा तसाच पुढील मोटारीस बसविला. ती गेली. पंतांनी पंजा पाहिला आणि विचारिले, "पूजा कोणी केली?" धनी बोलिला, "आमच्या मंडळींनी." पंतांनी मान डोलाविली. मग तिसरी मोटार आली सुभानराव कोकाटे यांची. हे राव म्हणजे राज्यातले नामांकित ब्रह्मचारी, बायकांची सावली दिसता गल्ली बदलणारे. त्यांचेही डाव्या दिव्यावर कुंकवाचा पंजा, करंगळी वाकडी.

"सुभानराव," पंत म्हणाले, "अभिनंदन."

"कशाबद्दल?"

"हा हात कोणाचा?"

सुभानरावांनी खाली वाकोन पाहिले आणि कानापर्यंत लाल जाहले. "देवाशपथ सांगतो पंत, मी बाईला ओळखत नाही!"

मैदानात जो हशा उसळला तो वेशीपर्यंत गेला. आणि नेमक्या त्याच समयी सगुणाबाई नवऱ्यास भाकरतुकडा घेवोन आल्या, त्यांनी गर्दी सारोन दिवा पाहिला आणि डबा खाली आपटिला.

"अगं बया! माझा हात या मेल्याच्या गाडीवर कसा?"

सुभानराव मोटारीमागे लपले. पंतांनी बाईंस विनंती केली, बाईंनी पंजा दिव्यावर ठेविला, आणि बोटास बोट, वाकडीस वाकडी जुळली. मग पंत उठोन भिंतीआड गेले. तेथे चंद्रावळ आंधळी, मुकी आणि बिनब्रेकाची उभी होती आणि तिचे आड रायाजीराव, तेही तसेच.

पंत रागे भरले नाहीत. इतकेच पुसिले, "राव, आज मी शिक्का मारला असता. त्या शिक्क्यावर विसंबून या बाई पाडव्याला उतारावर तुमच्या शेजारी बसल्या असत्या. मग?"

रायाजीरावांनी कुटुंबाकडे पाहिले. बाई हसत नव्हत्या. त्या क्षणी रावांस काकवीचे पिंप आठवले आणि त्यापुढला ओढाही दिसला, आणि इतकी वर्षे शिक्का मिळविण्याच्या नादात ही गोष्ट आपले ध्यानातच आली नाही, म्हणोन अंगास घाम सुटला. "चुकलो," ते म्हणाले, आणि ते पंतांस न म्हणता बाईंस म्हणाले.

"गाडी भट्टीत घालू?" पंतांनी बाईंसच पुसिले.

"नको हो," बाई म्हणाल्या. "गाडीचा काय दोष? तिला थांबायला कोणी शिकवलंच नाही."

तेव्हा पंतांनी निवाडा केला की पाडव्यास प्रत्येक सरदाराने घरचे बाईमाणूस शेजारी बसवोन गावदेवीचा उतार उतरावा, आणि खाली पोहोचल्यावर ते माणूस आपखुशीने पुन्हा मोटारीत बसले तरच शिक्का. मग पाडव्यापर्यंत राज्यात कोणी फराळाकडे पाहिले नाही. जो तो मोटारीखाली. रायाजीराव तर उस्तादांचे हाताखाली राबले, ब्रेक नवे घातले, स्वतः एकटे उतारावर पन्नासदा गेले, आणि नखांतले ग्रीस अभ्यंगस्नानानेही निघाले नाही.

पाडवा आला. सगुणाबाई नवे लुगडे नेसोन आल्या, मोटारीस नमस्कार केला की तिला दटाविले हे कळले नाही, आणि बसल्या. उतार लागला. बाईंनी डोळे मिटोन रावांचा दंड असा धरिला की पाची बोटे उमटली. रावांनी ब्रेक दाबिला आणि चंद्रावळ गुऱ्हाळाचे दारात मुंगीस धक्का न लावता उभी राहिली. बाई उतरल्या. मागे न पाहता सरळ गुऱ्हाळात शिरल्या. रायाजीरावांनी चाकावर डोके ठेविले आणि म्हणाले, "गेली. पायीच जाणार आता माहेरी."

तों बाई काखेत गुळाची ढेप घेवोन बाहेर आल्या, मोटारीत बसल्या आणि दार ओढोन म्हणाल्या, "चला की! आईकडे रिकाम्या हातानं जायचं का?"

पंतांनी तेथेच बॉनेटवर कागद ठेवोन शिक्का मारिला.

एवंच, त्या साली सगळ्या मोटारी पास जाहल्या आणि एकही ओढ्यात गेली नाही. सुभानरावांनी आत्याबाईंस बसविले. त्या खाली उतरोन पुन्हा बसल्या खऱ्या, परंतु अट घातली की पुढील साली शेजारी सून पाहिजे. राव स्थळे पाहात आहेत. येथे लेखणीस ब्रेक दाबिला. लागला.