मनोहरकाका डावीकडे वळत नाहीत

आमचे शेजारी मनोहरकाका स्कूटर कधीही डावीकडे वळवत नाहीत. दत्त चौकात डावीकडे एक वळण घेतलं की बाजार येतो. काका मात्र सरळ पुढे जाऊन उजवं, पुन्हा उजवं आणि पुन्हा उजवं घेत तिथे पोचतात. मी त्यांच्या मागे बसून हे सोसलं आहे, म्हणून तावातावाने सांगतो आहे.

काका कचेरीतून निवृत्त झाले, त्यांचे नियम झाले नाहीत. इंडिकेटरवर त्यांचा विश्वास नाही. वळायचं तर आधी हात बाहेर, तोही खांद्याच्या रेषेत. आणि आमचं यवतमाळ? इथे कोणी पाय काढून वळतो, कोणी नुसती मान हलवतो, कोणी मानेत मोबाइल धरून तिरपाच घुसतो, आणि सिग्नल हिरवा व्हायच्या आधीच मागचा हॉर्नवर बसतो. अशा प्रत्येकाला काका अडवून विचारतात, "रस्ता तुले आंदनात भेटला काय?" प्रश्न अगदी रास्त आहे. पण तो विचारायला ते स्कूटर भर चौकात उभी करतात, आणि शिव्या मागे बसलेल्याला पडतात.

गेल्या वर्षी ते काकूंसह नागपूरला मुलाकडे कायमचे राहायला गेले, स्कूटर टेम्पोत घालून. तिथे वर्धा रोडवर वळायला त्यांनी हात काढला, तर सवारी समजून एक ऑटो थांबला. त्याच्या मागे दुसरा थांबला, त्याच्या मागे बस. जायचं नव्हतं तर हात कायले दाखवला, असं ऑटोवाल्याने विचारलं. वळायसाठी, काका म्हणाले. यावर तो पोट धरून हसला. ते हसणं काकांना असं लागलं की आठवडाभरात ते स्कूटरसकट परत आले. "त्या गावात हाताले किंमत नाही," एवढंच म्हणाले.

काकू मात्र नातवासाठी तिकडेच राहिल्या. डाव्या वळणाचा घोळ तेव्हापासूनचा. काकांचा डावा हात क्लच-गिअरवर अडकलेला; त्या बाजूचा हात मागे बसलेल्या काकू दाखवत. मी वैतागून म्हणालो, काका, एक तर इंडिकेटर लावा, नाहीतर सरळ नागपूरला जाऊन राहा. त्यावर त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं.

परवा रुसवा सोडून ते मला कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला घेऊन निघाले. एका फाट्यावर डावीकडेच वळायचं होतं. तीन उजव्यांची सोय तिथे नव्हती. मागून ट्रक बोंबलत होता, एक कार चुकीच्या बाजूने घुसू पाहत होती. काकांनी स्कूटर हळू केली आणि म्हणाले, "हात कर वं."

आमच्याकडे 'वं' फक्त बाईमाणसाला म्हणतात. मला चांगल्या भरघोस मिशा आहेत. पण मी हात बाहेर काढला. ट्रक थांबला, कारही थांबली, आणि आम्ही वळलो.

देवळापाशी स्कूटर लावून काका पायरीवर बसून राहिले. आपण काय बोलून गेलो, ते त्यांना कळलं होतं. माझा सगळा राग ओसरला. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं,

"नागपुरात पायी फिरनाऱ्याले तं हात दाखवा लागत नाही ना?"