शुक्रवारच्या सहा आंघोळी

शुक्रवारी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी बाजार कोसळला. एका मिनिटात आजोबांची सगळी संपत्ती शून्यावर आली. अर्थात, असं काहीही घडलेलं नाही. घरात बाजार नव्हता, कधीच नव्हता, आणि आजोबा त्या वेळी टॉवेल गुंडाळून कुठेही उभे नव्हते, असं सर्वानुमते ठरलेलं आहे. तेव्हा जे घडलंच नाही ते सुरुवातीपासून सांगायला हरकत नाही.

ताई बँकेत उमेदवारीवर होती. ‘वित्तीय बाजार व संस्था’ हा पेपर सुटला तर कायम, नाहीतर घरी. एकदा नापास झाली होती. ही शेवटची संधी, शुक्रवारी सकाळी नऊ वाजता.

शनिवारी घरातल्या दोनपैकी एका बाथरूमचा पाइप फुटला. प्लंबरने भिंत फोडली, भगदाडात टॉर्च मारला, आणि आत ओळखीचं कोणी दिसल्यासारखा हसला. “गुरुवारी होऊन जाईल,” म्हणाला.

सोमवारी उरलेल्या बाथरूममध्ये काका पाऊण तास बसले. बाहेर बाबा दार ठोठावत होते, आजोबा घड्याळ बघत होते. ताईने त्याच दिवशी आठवडाभराच्या चिठ्ठ्या केल्या. रोज पाच, माणशी एक. एका चिठ्ठीला वीस मिनिटं, सकाळी आठच्या आत.

“ज्याला नको असेल त्यानं विकावी,” ती म्हणाली.

“पैसे घ्यायचे? घरात?” बाबा.

“पैसे नाहीत. कामं. इस्त्री, भांडी, जाळी-जळमटं.”

“मी माझी आंघोळ विकणार नाही,” आई म्हणाली. “मला अजून वेड लागलेलं नाही.”

मंगळवारी दुपारपर्यंत सातच्या चिठ्ठीचा भाव चार शर्टांची इस्त्री असा ठरला. कोणी ठरवला? कोणीच नाही. प्लंबर आला आणि त्याने हत्यारांची पिशवी खाली ठेवली की भाव एका शर्टाने उतरे. त्याने डोकं खाजवलं की दोनने चढे. अभ्यासाच्या पुस्तकात यासाठी चार आलेख होते, आणि इथे चपलांच्या कपाटापाशी ते आपोआप होत होतं! ताईच्या अंगावर काटा आला.

“आई, कुणी सांगत नाही, तरी सगळ्यांना एकदम कळतं गं!”

“प्लंबरला कधी कळणार तेवढं विचार,” आई म्हणाली.

त्या दिवशी ताई पान दोनशे अकरावर पोचली. तिथे लिहिलं होतं की जे आपल्याकडे नाही तेही विकता येतं. आज महाग विकायचं, पुढे स्वस्त झालं की घेऊन द्यायचं. तिने ते तीनदा वाचलं. माणसाची बुद्धी कुठवर गेली आहे या विचाराने तिला जरा वेळ खिडकीत जाऊन उभं राहावं लागलं.

गुरुवारी दुसरं बाथरूम सुरू होणार. मग शुक्रवारच्या आंघोळीला कोण विचारतो? तिने लगेच सहा कागद लिहिले: ‘शुक्रवारी सकाळी आठच्या आत एक आंघोळ देईन.’ खाली सही.

काकांनी तीन घेतले.

“तीन आंघोळी काय करणार हो काका?”

“करायच्यात कुठे? ठेवणार. वाढतील.”

“हा घेतोय म्हणजे याला काहीतरी कळलंय,” बाबा म्हणाले, आणि उरलेले तीन त्यांनी घेतले. त्या बदल्यात ताईच्या वाट्याचं सगळं काम दोघांकडे गेलं. जाता जाता तिने स्वतःची शुक्रवारची चिठ्ठीही आजोबांना देऊन टाकली आणि चपला पॉलिश करून घेतल्या.

आजोबांकडे कोणाचं लक्ष नव्हतं. आजोबा म्हणजे निवृत्त शिंपी. बाकीच्यांना ज्या चार शर्टांना तास लागे, ते आजोबा दहा मिनिटांत कडक करून देत. सगळं घर ज्या चलनावर चाललं होतं ते छापायचं यंत्रच त्यांच्या हातात होतं. बुधवारभर त्यांच्या खोलीतून वाफ येत होती.

गुरुवारी संध्याकाळी निर्धास्तपणे डोक्याला तेल चोपडून ताई प्लंबरची वाट बघत बसली. प्लंबर आला, भगदाडात वाकला, सरळ झाला.

“सांधा बसत नाही. साइज वेगळा आहे. सोमवारी बघू.”

आणि त्याने पिशवीची चेन लावली. तो आवाज घरभर ऐकू गेला. बाबा ताबडतोब एका आंघोळीला बारा शर्ट आणि सगळ्या खिडक्या द्यायला तयार झाले, पण विकायला आजोबांखेरीज कोणाकडे काही नव्हतंच. ताई आजोबांच्या खोलीत गेली.

“आजोबा, मला सहा आंघोळी विकत हव्यात.”

“एवढ्या? कशाला गं?”

“द्यायच्यात.”

“कुणाला?”

ताईने काकांना विचारलं होतं, बाबांना विचारलं होतं. दोघांनीही आपले कागद बुधवारीच विकले होते, चिठ्ठ्यांसकट.

“तुम्हालाच,” ती म्हणाली.

आईची चिठ्ठी सोडली तर शुक्रवारचं सगळं बाथरूम आजोबांचं होतं, आणि ताईने द्यायच्या सहाही आंघोळी आजोबांनाच द्यायच्या होत्या. म्हणजे आजोबांकडून घेऊन आजोबांना.

“दोनशे अकरा पान वाचून थांबलीस ना?” आजोबांनी प्रेमाने विचारलं.

“तुम्हाला कसं कळलं?”

“दुपारी तू झोपतेस. पुस्तक मोकळंच असतं. धोका दोनशे बारावर दिलाय.”

“आजोबा, माझी परीक्षा आहे हो! आई आंघोळीशिवाय उंबरा ओलांडू देणार नाही, आणि हे तेल...”

“देईन की. भाव उद्या सकाळी सांगतो. अजून चढेल.”

ताईला रागवायचं होतं, पण ते जमेना. चाळीस वर्षं लोकांच्या कमरा मोजलेला हा माणूस, एका इस्त्रीवर! तिने वाकून नमस्कार केला.

इकडे बाबा आणि काका हातावर हात ठेवून बसले नव्हते. बाथरूम नाही तर नाही, मोरीत उरकू म्हणून दोघांनी पहाटेच पाणी भरायला घेतलं. बाबांनी दोन बादल्या भरल्या म्हणून काकांनी चार भरल्या. काकांनी पातेलं भरलं म्हणून बाबांनी कुकर भरला. सात वाजता घरात फुलदाणीसुद्धा रिकामी नव्हती.

सात वाजून वीस मिनिटांनी आजोबांनी चारही चिठ्ठ्या हातात धरून आत प्रवेश केला आणि नळ उघडला. नळ फुस्स झाला. वरची टाकी संपली होती.

आजोबा बाहेर आले. “चिठ्ठीत पाणी धरलेलंच नव्हतं,” ते म्हणाले. आवाजात दुःख नव्हतं. समुद्र पहिल्यांदा बघणारा माणूस बोलतो तसं बोलत होते. “केवढं अफाट आहे गं हे!”

आई मोरीशी उभी राहिली. “दोन बादल्या इकडे. पोरीची परीक्षा आहे.”

“भाव काय वहिनी?” काकांनी विचारलं.

“दुपारी जेवायचंय ना?”

बादल्या आल्या. दोन बादल्यांत तेल निघालं नाही, पण ताई वेळेत पोचली. प्रश्न तिसरा: ‘बाजार कोंडीत पकडणे म्हणजे काय? उदाहरणासह स्पष्ट करा.’ तिने लिहायला सुरुवात केली. पुरवण्या मागितल्या, पुन्हा मागितल्या. तीन तासांची घंटा झाली तेव्हा ती गुरुवार संध्याकाळपर्यंत आली होती. बाकीचे चार प्रश्न कोरेच राहिले.

शनिवारी तिने रजिस्टर पोस्टाने अर्ज पाठवला:

‘मा. परीक्षा नियंत्रक यांस. विषय: अपूर्ण उत्तरपत्रिका पूर्ण मानण्याबाबत. महोदय, उर्वरित चार प्रश्नांची उत्तरे प्रश्न क्रमांक तीनच्या उत्तरात तेविसाव्या पानानंतर आली असती, असे गृहीत धरून पूर्ण गुण देण्यात यावेत. साक्षीदार म्हणून आजोबांची सही सोबत आहे. शंका असल्यास परीक्षकांनी प्रत्यक्ष पाहणीस यावे. मात्र बाथरूमचे काम अद्याप सुरू असल्याने, कृपया आंघोळ करून यावे, ही नम्र विनंती.’