धुतलेली द्राक्षं

आत्यांनी सगळी द्राक्षं धुऊन टाकली. नुसती धुतली नाहीत, गरम पाण्यात चोळून काढली आणि वर "किती धूळ बसली होती रे" असं भाच्याला कौतुकानं सांगितलं. मदतीला आलेल्या वडीलधाऱ्या माणसाला बोलणार तरी काय? भाच्याच्या मात्र तोंडचं पाणी पळालं. त्याच्या बागेत औषधाचा थेंब नाही आणि वाइनमध्ये बाहेरची एक चिमूट नाही. रस आंबवणारं यीस्ट त्या न धुतलेल्या सालीवरच असतं. ते सगळं मोरीतून वाहून गेलं होतं.

रस टाकीत भरला, पण टाकी ढिम्म. बुडबुडा म्हणून येईना. हा आपला सकाळ-संध्याकाळ तिला कान लावून बसलेला. त्यात रविवारी एक हॉटेलवाला येणार होता. रसात बाहेरचं काही घातलेलं नसेल तर सगळी वाइन तो उचलणार होता. त्यानं पाठ फिरवली तर बागच विकायची वेळ होती.

बायकोनं सरळ सुचवलं, दुकानातून यीस्टची पुडी आणू या. झालं, त्यानं घर डोक्यावर घेतलं.

"पुडीच घालायची तर बागेत कशाला मरतोय मी? साबणाचा कारखाना काढतो ना."

आत्या चष्मा पुसत राहिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे लवंडल्यावर बायकोनं गुपचूप जाऊन पुडी ओतलीच. तत्त्वं काय खायची आहेत?

टाकी जागी झाली, ती थांबायचं नावच घेईना. रविवारी हॉटेलवाल्यानं दारात पाऊल टाकलं आणि झाकण उचलून फेस बाहेर आला, तो थेट त्याच्या बुटांवर. तो मात्र बेहद्द खूश. म्हणाला, याला म्हणतात निसर्ग. त्याचा तो भाबडा आनंद बायकोला बघवेना.

"निसर्ग कसला हो, मी पुडी घातलीय."

"अगं बाई, तू पण?" आत्या म्हणाल्या. "मला वाटलं, माझं मीच निस्तरावं."

हॉटेलवाल्यानं बूट झटकले, सभ्यपणे निरोप घेतला आणि तो गेला.

आता हा फुटणार म्हणून बायको मान खाली घालून उभी राहिली. नवरा फडकं घेऊन फरशी पुसत होता. एकच जागा पुन्हापुन्हा पुसत होता.

"एकमेकांना विचारायचं तरी," तो वर न बघता म्हणाला. "तीन पुड्या कशाला लागल्या असत्या?"