पॅकेजमध्ये नसलेला समुद्र

एका जंगलात, बाळांनो, सुट्टी नावाची गोष्टच नव्हती. भूक लागली की प्राणी खायचे, झोप आली की झोपायचे, आणि मधल्या वेळात एकमेकांना घाबरायचे. आपण दमलो आहोत हे कुणाला ठाऊकच नव्हतं.

मग एका बगळ्याने जंगलाच्या टोकाला, समुद्राच्या कडेला, एक रिसॉर्ट काढलं. नाव ठेवलं ‘ओली शेपटी फॅमिली रिसॉर्ट’. झालं. त्या दिवसापासून सगळ्या जंगलाला एकदम थकवा आला. जो तो म्हणू लागला, फार धावपळ होते हो, कुठेतरी जाऊन यायला हवं. अजगरसुद्धा म्हणू लागला. आता अजगराची कसली आलीय धावपळ? पण म्हणत होता. हसू नका, तुमच्या घरीही म्हणतात.

त्या जंगलात बजाबा नावाचा एक साळिंदर राहायचा. साळिंदर म्हणजे अंगभर काटे असलेला तो. त्याची बायको चिमाबाई, मुलगा दाभण आणि मुलगी सुई. त्यांचं बीळ ओढ्याच्या काठाला होतं, आणि ओढ्याच्या पलीकडच्या काठावर मुंगसांची वस्ती होती. इथेच सगळी गोची होती.

चिमाबाई भांडी घासायला ओढ्यावर बसली की समोरून मुंगशीण विचारायची, आज काय केलंय? चिमाबाईने काहीही सांगितलं तरी ती म्हणायची, असं होय. त्या ‘असं होय’ने चिमाबाईच्या अंगाची लाही लाही व्हायची. लग्नाआधी एका रानबदकाने तिला सांगितलं होतं की समुद्र नावाचं एक पाणी आहे आणि त्याला पलीकडचा काठच नाही. समोर कुणीच नसतं. तेव्हापासून तिने एकच इच्छा धरली होती. काठाशी बसावं, समोर बघावं, आणि पलीकडून कुणी काही विचारू नये. बाकी तिला दागिने नको होते, काही नको होतं.

दरवर्षी ती नवऱ्याला म्हणायची, आणि दरवर्षी तो म्हणायचा, बघू पुढच्या वर्षी. मग एकदा गवा सहकुटुंब जाऊन आला आणि ज्याला त्याला सांगत सुटला की तिथे नाश्ता अनलिमिटेड आहे. बजाबाने त्याच संध्याकाळी साठवणीतले कंद बगळ्याकडे पोचवले आणि बुकिंग केलं.

बजाबा वाईट नव्हता बरं का. बायकोवर जीव होता त्याचा. फक्त त्याला जन्मभर एकच भीती होती, की आपल्याला कुणीतरी गंडवतंय. भाजीवाला गंडवतो, नशीब गंडवतं, आता हा बगळाही गंडवणार. म्हणून त्याने ठरवलं होतं की जे जे पॅकेजमध्ये आहे ते ते वसूल करायचं.

रिसॉर्टच्या दारात पोचल्या पोचल्या स्वागताचं सरबत मिळालं. हिरवं होतं, आणि कसलं होतं ते बगळ्यालाही सांगता येईना. सुईला आवडलं नाही. बजाबाने तिचंही पिऊन टाकलं, मग दोन्ही पोरांना बाहेर पाठवलं आणि पुन्हा दारातून आत यायला सांगितलं. पुन्हा सरबत आलं. असं चाललं होतं तेव्हा चिमाबाईने बगळ्याला हळूच विचारलं, समुद्र कुठे आहे?

बगळा एका पायावर उभा राहून अदबीने म्हणाला, “मागेच आहे, मॅडम. नाश्त्याच्या हॉलवरून डावीकडे.”

चिमाबाई निघालीच. बजाबाने तिला थांबवलं आणि बगळ्याला विचारलं, “समुद्र पॅकेजमध्ये आहे का?”

बगळा तसा प्रामाणिक होता. म्हणाला, “नाही, सर. तो असाच आहे.”

“ऐकलंस?” बजाबा बायकोला म्हणाला. “तो असाच आहे. कुठे पळून जात नाही. आधी पॅकेजमधलं उरकू. ते गेलं की गेलं.”

आता यात चूक काढून दाखवा पाहू. नाही ना काढता येत? चिमाबाईलाही काढता आली नाही. ती सामान उचलून खोलीकडे निघाली.

खोली मात्र ‘सी-व्ह्यू’ होती. खिडकी उघडली तर समोर स्वयंपाकघराचं धुराडं. चिमाबाईने बगळ्याला बोलावून दाखवलं. बगळा खिडकीशी गेला, मान लांब केली, आणखी लांब केली, धुराड्याच्या वरून वळवली आणि म्हणाला की दिसतो की छान, निळा आहे. साळिंदराला मान किती असते ते तुम्हाला माहीत आहे. बजाबाने बायकोला खुर्चीवर चढवलं, खुर्ची टेबलावर ठेवली, तरी तिला फक्त धूर दिसला. खाली डोसे चालले होते एवढं कळलं.

मग सुरू झालं पॅकेज. रिसॉर्टमध्ये करमणुकीच्या कामाला एक टिटवी ठेवली होती. तिच्या हातात भोंगा. टिटवीला खरं तर भोंग्याची काही गरज नाही, पण कंपनीने दिला होता. ती ओरडायची, आता सर्वांनी तलावावर यायचं आहे, आणि सगळे प्राणी आपापली पोरं ओढत तलावावर जायचे. मजा करायची नसेल त्याला ती नाव घेऊन हाक मारायची.

तलावाचा नियम असा की नायलॉनचा पोशाख आणि डोक्याला टोपी असल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही. साळिंदराच्या डोक्यावर टोपी बसते का? चौघांच्या टोप्यांची चाळण झाली, पण नियम पाळला गेला. तलावात गवा एका मोठ्या फुगवलेल्या ट्यूबवर पहुडला होता. डोळे मिटलेले, तोंडात स्ट्रॉ. बजाबाने शेजारून जाताना नुसता नमस्कार केला. फाट्दिशी आवाज झाला, गवा तळाला गेला आणि तलावातलं अर्धं पाणी बाहेर आलं. मग दाभणाने ससोबांची ट्यूब फोडली, सुईने खारीची. चिमाबाईने मात्र एकही फोडली नाही. ती कडेला बसून मान डावीकडे वळवून वास घेत होती, कारण तिकडून खारा वारा येत होता.

तिथून पावसाचा नाच. म्हणजे वरून पाइपाने पाणी सोडायचं आणि खाली नाचायचं. जंगलात चार महिने पाऊस पडतो तेव्हा हेच प्राणी ढोलीतून तोंड बाहेर काढत नाहीत. मग टॅटू. साळिंदराच्या पाठीवर टॅटू काढायला बसलेल्या माकडाचा हात तासाभरात सुजला. मग जादूचे प्रयोग, मग चार वाजताचा चहा, मग साडेचारची भजी. प्रत्येक दोन गोष्टींच्या मधे चिमाबाई म्हणायची, अहो, आता जाऊन येऊ का? आणि बजाबा म्हणायचा, थांब गं, हे एवढं झालं की जाऊ.

शेवटी संध्याकाळी ती कुणाला न सांगता निघाली. हॉलपर्यंत पोचलीही. तेवढ्यात टिटवीने तिला गाठलं आणि ‘आदर्श माता’ स्पर्धेत उभं केलं. चमच्यात लिंबू धरून चालायचं होतं. चिमाबाईला लवकर सुटायचं होतं, म्हणून ती इतक्या भरभर चालली की पहिली आली. बक्षीस म्हणून बगळ्याने तिला एक मोठी तसबीर दिली. तसबिरीत समुद्र होता.

बजाबाचा आनंद गगनात मावेना. म्हणाला, बघ, झालं की नाही तुझं समुद्रदर्शन? शिवाय घरी नेता येतो, शिवाय फुकट. पोरांनी टाळ्या वाजवल्या. चिमाबाईने तसबिरीकडे नीट बघितलं. चित्रकाराने शोभेसाठी पलीकडच्या काठावर एक टुमदार घर काढलं होतं.

आता आली शेवटची सकाळ. नाश्ता करायचा आणि निघायचं. बाळांनो, रिसॉर्टचा नाश्ता तुम्ही बघितला आहे का? मी बघितला आहे. एरवी एकमेकांना वाट देणारे सज्जन प्राणी तिथे पोह्यांच्या परातीपुढे असे उभे असतात की सिंह आला तरी हटणार नाहीत. तिथे आधी जागा धरायची असते. घरातल्या एकाने खुर्च्यांवर रुमाल टाकून बसायचं आणि बाकीच्यांनी लुटायला जायचं. साळिंदरांच्या घरी जागा धरण्याचं काम चिमाबाईचं. लग्नकार्यात, जत्रेत, तमाशाच्या तंबूत तिने धरलेली जागा कधी गेली नव्हती. वाघ म्हणाला असता, बाई जरा सरका, तर ती म्हणाली असती, इथे माणूस आहे.

तर चिमाबाई चार खुर्च्यांवर चार रुमाल टाकून बसली. बजाबा आणि पोरं ताटं घेऊन गर्दीत शिरली. डावीकडे दार होतं. दारातून वारा येत होता आणि कसलासा आवाज येत होता, कुणीतरी मोठा श्वास घेऊन सोडावा तसा. चिमाबाईच्या मनात आलं, आता निघायचं. घरी जायचं, ओढ्यावर बसायचं, आणि समोरची विचारणार, मग, कसा होता समुद्र? आपण काय सांगणार? भजी बरी होती म्हणून?

तिला रडूच फुटलं. आणि मग, बाळांनो, तिने जन्मात केली नव्हती अशी गोष्ट केली. ती खुर्च्या सोडून उठली.

इकडे बजाबा परत आला. दोन्ही हातांत ताटं, ताटांत पोहे, त्यावर इडल्या, त्यावर डोसे, आणि सगळ्यांत वर कुणालाच न आवडणारे कॉर्नफ्लेक्स. बघतो तर चारही खुर्च्यांवर गव्याचं कुटुंब. रुमाल खाली पडलेले. गवा म्हणाला की इथे कुणी नव्हतं बुवा.

बजाबाचे काटे ताठ उभे राहिले. चिमा खुर्ची सोडून गेली? शक्य नाही. धरलेली जागा ती शुद्धीत असताना सोडणार नाही. तिला नक्की काहीतरी झालंय. त्याने हातातली ताटं टाकली. होय, भरलेली ताटं टाकली, आणि वळून बघितलं पण नाही. पोरांना तिथेच उभं करून तो तिच्या नावाने हाका मारत सुटला. टिटवीनेही भोंगा उचलला. चिमाबाई साळिंदर जिथे असतील तिथून यावं, त्यांचे घरचे डोसा काउंटरपाशी घाबरले आहेत.

बजाबाने तलाव बघितला, खोली बघितली, टॅटूवाल्या माकडाला हलवून विचारलं. शेवटी धापा टाकत तो हॉलवरून डावीकडे वळला आणि वाळूत आला. समोर चिमाबाई बसली होती. तिचे सगळे काटे शांतपणे अंगाला टेकले होते. लग्नाच्या दिवशीसुद्धा ते असे टेकले नव्हते.

“अगं, खुर्च्या गेल्या आपल्या,” तो म्हणाला. त्याला म्हणायचं होतं दुसरंच, पण तोंडातून हे आलं.

“अहो, पलीकडे खरंच कुणी नाही,” चिमाबाई म्हणाली.

बजाबाने डोळे बारीक करून बघितलं. इकडून तिकडे बघितलं. कुणी नव्हतं. मग तो तिच्या शेजारी बसला, म्हणजे काटे लागणार नाहीत इतक्या अंतरावर. लाटा येत होत्या, जात होत्या. कुणी कुणाला काही विचारलं नाही. थोड्या वेळाने त्याने तिला सांगितलं की तू दिसली नाहीस तेव्हा माझा जीव गेला होता. हेही तो जन्मात पहिल्यांदाच म्हणत होता.

गोष्ट इथे संपली असती तर किती बरं झालं असतं. पण टिटवीच्या भोंग्याने अख्खं रिसॉर्ट हलवलं होतं. हरवलेली बाई बघायला दाभण, सुई, गवा, ससोबा, खार, अजगर, सगळे वाळूवर आले. यातले काही तिथे तिसऱ्यांदा राहायला आले होते, पण समुद्र कुणीच बघितला नव्हता. सगळे आ वासून उभे राहिले. बगळ्याने आधी त्यांची तोंडं बघितली, मग समुद्र बघितला, आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने जाहीर केलं की आजपासून समुद्र पॅकेजमध्ये आहे. टिटवीच्या मार्गदर्शनासह.

बजाबा ताडकन उठला. “पॅकेजमध्ये? मग बसलीस काय, पुढची जागा धर.”

पाहता पाहता वाळूवर रुमालांचा सडा पडला. नाश्त्याच्या हॉलमध्ये उरलेलेही पळत आले. गवा पहिल्या रांगेत बसला म्हणून मागच्यांनी आरडाओरडा केला. टिटवीने भोंगा लावला. आता एक लाट येत आहे, आली, सर्वांनी टाळ्या वाजवायच्या आहेत. आता उजवीकडची लाट. मागची मंडळी, बघताय ना? टाळ्या वाजल्या. बजाबाने डोळे फाडून बघायला घेतलं, एकही लाट सुटता कामा नये म्हणून त्याने दाभणाला डावीकडच्या लाटांवर बसवलं आणि सुईला उजवीकडच्या.

चिमाबाई उठली आणि तिने अंगाची वाळू झटकली.

“अगं, कुठे निघालीस? आत्ता तर सुरू होतंय.”

“तुम्ही बघा,” चिमाबाई म्हणाली. “माझा वसूल झाला.”

ती हॉलमध्ये आली. हॉल रिकामा होता. तिने एका खुर्चीवर बसून बघितलं, मग दुसरीवर, मग खिडकीजवळच्या खुर्चीवर. रुमाल कशावरच टाकला नाही. डोसे करणारं अस्वल तव्यापाशी हातावर हात ठेवून बसलं होतं. त्याने विचारलं, काय आणू? चिमाबाईला आठवेना की तिला शेवटचं हे कधी कुणी विचारलं होतं. तिने एक डोसा मागितला, कुरकुरीत. तो खाऊन होईपर्यंत दुसरा आला, गरम गरम, आणि तिने तोही एकटीने खाल्ला.

तात्पर्य: निसर्गाचं सौंदर्य सहकुटुंब, सहपरिवार, सर्वांनी मिळून जरूर पाहावं. तेवढ्या वेळात डोसे गरम मिळतात.