वाटीभर सूपची बादली

या, असे जवळ सरका. दाराशी बसलात तर अर्धी गोष्ट वाऱ्यावर जाईल आणि उरलेल्या अर्धीचा अर्थ लागायचा नाही. गोष्ट आहे एका रंगाऱ्याची, ज्यानं पन्नाशी ओलांडल्यावर आयुष्यात पहिल्यांदा सूप केलं. करायचं होतं एक वाटी. पुढे जे झालं त्याला हसायचं तेवढं हसा. पण माणसानं जीव लावून केलेल्या चुका देवसुद्धा पोटात घालतो, हे हसता हसता मनात असू द्या.

रंगारी साधासुधा नव्हता. कुणी जुन्या खिडकीचा टवका आणून म्हणावं, "एवढाच रंग हवा", की हा एक डोळा मिटून बघायचा, तीन डब्यांतून थोडं थोडं घ्यायचा आणि असा जमवायचा की डागडुजी कुठे केली ते घरमालकालाही सापडू नये. सगळे त्याला उस्ताद म्हणत. फक्त बायको "अहो" म्हणायची, आणि गेले चार दिवस तेही बंद होतं.

तिच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं. आठवडाभर बोलायचं नाही, अशी सक्त ताकीद. उशाशी पाटी आणि खडू. बोलण्याचं एक वेळ चाललं असतं, पण गिळताना दुखतं म्हणून तिनं खाणंच सोडलं. डब्यातली पौष्टिक पावडर दुधात कालवून दिली, तर तिनं एक घोट घेऊन पाटीवर लिहिलं, "चुना."

चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "हे बघा, संध्याकाळी सातपर्यंत वाटीभर तरी पोटात गेलं पाहिजे. नाही गेलं तर परत दाखल करा. नाकातून नळी घालू."

नळी म्हटल्यावर बायकोचा चेहरा उतरला. रंगाऱ्याचा त्याहून जास्त.

"अगं, काय खावंसं वाटतंय ते सांग. म्हणशील ते आणतो."

तिनं लिहिलं, "भाजलेल्या टोमॅटोचं सूप. घरचं."

"घरचं म्हणजे तुझ्या हातचं. आणि तू तर पडलीयस." त्यानं क्षणभर छताकडे पाहिलं. "मग मीच करतो."

तिनं "तुम्ही" एवढंच लिहिलं. पुढचं प्रश्नचिन्ह मात्र पाटीच्या चौकटीवर चढलं.

"हसू नकोस. टोमॅटो किती घेऊ?"

"पुरेसे."

"भाजायचे किती वेळ?"

"होईपर्यंत."

"आणि बाकीच्या भाज्या?"

"असतील त्या," एवढं लिहून होतंय तोवर गोळीनं आपलं काम केलं आणि तिचा डोळा लागला.

रंगारी स्वयंपाकघरात आला. पुरेसे, होईपर्यंत, असतील त्या! या मापानं त्यानं एक कुंपणसुद्धा रंगवलं नसतं. इतक्यात दारामागे टांगलेल्या बायकोच्या एप्रनकडे त्याचं लक्ष गेलं. एप्रनच्या खिशाखाली अंगठ्याएवढा तांबूस डाग होता. उस्तादाचा चेहरा उजळला. सूपचा डाग! चवीतलं त्याला काही कळत नव्हतं, पण रंग? रंग समोर ठेवा, तो जमवून दाखवतो.

मग काम सुरू झालं, आणि खरं सांगायचं तर इतक्या निगुतीनं त्या ओट्यावर कुणीच कधी काम केलं नसेल. टोमॅटो मधोमध चिरून ट्रेमध्ये ओळीनं मांडले. सोबत कांदा, लसूण, गाजर. कोरा करकरीत दोन इंची ब्रश काढून भाज्यांना तेलाचा एक हात दिला, तो मुरू दिला, मग दुसरा हात दिला. ओव्हनमधून ट्रे निघाला तेव्हा टोमॅटोच्या सालींना काळे फुगे आले होते. हे त्याच्या ओळखीचं होतं. जुन्या भिंतीचे पोपडे काढावेत तशी एकेक साल त्यानं सुरीच्या पाठीनं अलगद उतरवली. मिक्सरमधून काढून सगळं फडक्यातून गाळलं. एकदा नाही, तीनदा. रंगात एक कण राहिला तर भिंतीवर दिसतो, हे त्याच्या हाडीमासी मुरलेलं.

पातेल्यात पाहिलं तर रंग केशरी. एप्रनवरचा डाग कितीतरी गडद.

आता ओला रंग वेगळा आणि वाळलेला वेगळा, हे काय उस्तादाला सांगायला हवं? त्यानं चमच्याच्या टोकानं सूपचा एक ठिपका शेगडीमागच्या भिंतीवर लावला, पुठ्ठ्यानं वारा घातला आणि खाली पेन्सिलीनं लिहिलं: एक. वाळला, तरी फिका. मग तांबडी ढोबळी मिरची भाजून घातली. दोन. लाली आली, खोली आली नाही. घरातल्या भाज्या संपल्या. तो पिशवी घेऊन कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे धावला.

"मावशी, दोन बीट द्या. चांगले काळपट बघून."

बिटानं घात केला. पातेलं राणी रंगाचं झालं, डोळ्यांत खुपेल असं. रंगाऱ्यानं डोक्याला हात लावला, पण हरेल तो उस्ताद कसला? लाल भडकलं तर हिरव्यानं बसतं. परत भाजीवाली.

"मावशी, पालकाची जुडी."

"आत्ताच तर येऊन गेलात!"

पालकानं राणी रंग बसला खरा, पण सूप चिखलाच्या रंगाचं झालं. आता उजळवायचं तर मूळ रंग वाढवायला हवा, म्हणजे टोमॅटो. टोमॅटो वाढले की गाजर कमी पडायचं, गाजर घातलं की पिवळी झाक यायची, ती मारायला पुन्हा बीट. पातेलं भरलं. सगळं त्याहून मोठ्या पातेल्यात गेलं. तेही भरलं. माळ्यावर झाकणाची नवीकोरी बादली होती, ती त्यानं दोनदा घासून उकळत्या पाण्यानं धुतली.

चौथ्या खेपेला भाजीवाली उठून उभीच राहिली. "रंगारीभाऊ, घरात लग्न निघालंय आणि मला सांगितलं नाहीत होय?"

"लग्न कसलं मावशी! एक वाटी सूप करतोय."

"वाटी दाखवा बरं एकदा मला."

पावणेसहाला सतरावा ठिपका वाळला. रंगाऱ्यानं एप्रन शेजारी धरला, एक डोळा मिटला, मग दुसरा. डाग कुठला आणि ठिपका कुठला, ओळखू येईना. त्यानं देवाचं नाव घेतलं आणि स्टुलावर टेकला.

एवढ्यात मुलगी कामावरून आली. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे डोळे तपासायची. पण स्वयंपाकघरात पाऊल टाकताच तिला स्वतःच्याच डोळ्यांची शंका आली. ओट्यावर सालींचा ढीग, जमिनीवर बादली, भिंतीवर आकडे घातलेले सतरा ठिपके.

"बाबा, हे काय चाललंय?"

"सूप! तुझ्या आईसाठी. आत्ता कुठे रंग जमला."

"अहो, ते आईला पाजायचंय, भिंतीला नाही!"

"हळू बोल, झोपलीय ती. हे बघ, डागाशी ताडून बघ. फरक दिसला तर नाव बदलीन."

मुलीनं एप्रन हातात घेतला, डागाचा वास घेतला आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला. "बाबा... गेल्या महिन्यात तुम्ही जिन्याच्या कठड्याला लाल प्रायमर मारलात ना?"

"मारला. मग?"

"जेवायला हाक मारली तेव्हा हात कशाला पुसलेत?"

रंगाऱ्याला जिना आठवला, हाक आठवली, दारामागे हात पुसलेलं फडकंही आठवलं.

"म्हणजे सकाळपासून मी प्रायमर जमवत होतो?"

"आणि हुबेहूब जमलाय हो. कंपनीलाही जमणार नाही असा." हसू दाबून तिनं विचारलं, "पण चव कशी आहे?"

"चव?"

"चाखलं असेलच ना तुम्ही?"

रंगाऱ्यानं मान खाली घातली. कामाच्या पहिल्याच दिवशी त्याच्या गुरूनं बजावलं होतं, डब्यात बुडालेला हात तोंडाला लावायचा नाही. तीस वर्षांत एकदाही लावला नव्हता. बादलीभर सूप झालं, पण त्यातला एक थेंबही त्याच्या जिभेला शिवला नव्हता. मीठ घालायचं असतं हेही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

"सहा वाजले," तो म्हणाला. "आता दुसरं कधी करणार? सातला फोन येईल. नळी घालतील गं तिला. माझ्यामुळे."

मुलीनं चमचा बादलीत बुडवला आणि तोंडात घातला. मग दुसरा चमचा घेतला. मीठ घातलं, चिमूटभर मिरपूड घातली, तिसरा चमचा घेतला. बाप तिच्या तोंडाकडे निकाल लागायच्या वेळी पोरं बघतात तसा बघत होता.

"बाबा," ती म्हणाली, "वाटी काढा."

बायको उशीला टेकून बसली. पहिला चमचा तिनं डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून घेतला. दुखणार या तयारीनं. दुखलं नाही. तीनदा गाळलेलं ते सूप रेशमासारखं खाली उतरलं. तिनं डोळे उघडले. दुसरा चमचा गेला, तिसरा गेला. मग तिनं चमचा बाजूला ठेवून वाटीच तोंडाला लावली. रिकामी झाल्यावर ती पुढे केली. भरून आली, तीही संपली.

रंगारी दारात उभा होता. पुढे यायचं त्याच्यानं होईना.

तिनं पाटी घेतली. "कुणी केलं?"

त्यानं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

तिनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि लिहिलं, "खरं सांगा."

"अगं, देवाशप्पथ मीच केलं!"

तिचा विश्वास बसेना. आणि मंडळी, बाईमाणसाला आपल्या स्वयंपाकघरात काहीतरी शिजलंय असा संशय आला की तिला कुठलं दुखणं अडवतं? चार दिवस जी कुशीवर वळायला आधार मागत होती, तिनं पांघरूण बाजूला सारलं, पाय खाली सोडले आणि भिंतीला धरत धरत स्वतःच्या पायांनी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली.

तिनं बादली पाहिली. सालींचा ढीग पाहिला. ओळीनं लावलेले सतरा ठिपके पाहिले. मुलगी कानाशी लागून सगळा प्रकार सांगत होती. बायकोचे खांदे गदगदू लागले. रंगारी घाबरून पुढे धावला, "अगं, काय होतंय? बस, बस खाली!" तेव्हा त्याला कळलं, ती हसतेय. आवाज न करता, ओट्याला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसून झाल्यावर तिनं त्याचा तो बिटानं रंगलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

सातला फोन वाजला. "दोन वाट्या," मुलीनं सांगितलं, "आणि आई उभी आहे. स्वयंपाकघरात." डॉक्टरीणबाईंनी सूपची कृती विचारली, तेव्हा मुलीनं फोन बापाकडे दिला आणि बापानं तो झटकन पुन्हा मुलीकडे दिला.

त्या रात्री इमारतीतल्या प्रत्येक घरात सूप गेलं. भाजीवालीकडे मोठं पातेलं गेलं, तिनं ते "हीच का ती वाटी?" म्हणत ठेवून घेतलं.

झोपायच्या आधी बायकोनं नवऱ्याला स्वयंपाकघरात नेलं. खडूनं अकरा नंबरच्या ठिपक्याभोवती गोल काढला आणि पाटीवर लिहिलं, "बारा वर्षं सांगतेय, स्वयंपाकघर रंगवा. हा रंग. चारही भिंती."

उस्तादानं अकरावा ठिपका निरखून पाहिला. भाजलेला टोमॅटो, थोडं गाजर, बिटाची एक फोड आणि पालकाची पानं. किती, ते देव जाणे. असा रंग कुठलीच कंपनी करत नाही. तरीही तो नाही म्हणाला नाही. दुसऱ्या दिवसापासून अंगणात डबे मांडून बसलाय. एक दिवस सूप प्रायमरसारखं करण्यात गेला, आता रंग सूपसारखा करायला महिना लागणार असं दिसतंय. तिचा आवाज परत आलाय, आणि खिडकीतून रोज ऐकू येतं, "अहो, अजून जरा तांबूस!"

तेव्हा मंडळी, सांजेला देवापुढे हात जोडाल, तेव्हा आपल्या माणसांची नावं घेऊन झाली की क्षणभर थांबा आणि त्या रंगाऱ्याचीही आठवण काढा. बिचाऱ्याच्या अजून चारही भिंती बाकी आहेत.